टक्केवाल्या बाई आणि नऊ वड्या

आमच्या आत्याला कुठलीही गोष्ट किती झाली एवढंच सांगून भागत नसे. किती व्हायला हवी होती, हेही सांगावं लागे. शेजारणीनं तुरीचा उतारा कौतुकानं सांगितला की ही शांतपणे विचारणार, "पडायला किती पाहिजे होता?" शेजारीण पुन्हा महिनाभर आमच्या दारात येत नसे. केजच्या कॉलेजात आत्यानं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. गावात तिचं नाव टक्केवाल्या बाई.

वर्गात तिचं एक ठरलेलं वाक्य असे. "जो आधी संपतो, त्याच्यावर माल ठरतो. दुसरा कितीही उरो, त्याला कोन विचारतंय?" लिमिटिंग रिएजंटची ही व्याख्या मला अजून पाठ आहे. गणित मात्र तेव्हाही येत नव्हतं. सख्खी भाची नापास झाली तरी तिनं अर्धा गुण वाढवला नाही. उलट संध्याकाळी घरी येऊन, आईनं केलेले पोहे खात, माझ्या चुका सगळ्यांसमोर समजावून गेली.

निवृत्तीनंतर तिनं आमच्या बचत गटाला साबण शिकवला. मी गटाची अध्यक्ष, कारण बैठकीचा चहा माझ्याकडे असायचा. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं माप आत्यानंच काढून दिलं होतं. सोडा मुद्दाम किंचित कमी, म्हणजे तोच आधी संपावा आणि कातडीला लागायला काही उरू नये.

मुलींच्या एका वसतिगृहाची पहिली मोठी मागणी आली. साबण सुकायला ठेवला गटातल्याच रजियाच्या मागच्या खोलीत. रजियाच्या नवऱ्याची फळांची गाडी आहे, आणि तारेनं सरळ वडी कापावी ती तिनंच. आत्याच्या हिशोबानं एकशे पंचेचाळीस वड्या व्हायला हव्या होत्या. झाल्या एकशे छत्तीस.

पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. गटातल्या सिंधूवहिनींनी तोंड उघडलं. "साबनाला काय पाय फुटलेत? खोली तर रजियाची हाय."

रजियाच्या हातात तार तशीच राहिली. "झडती घ्या," ती म्हणाली. "पेटीला कुलूप न्हाई."

कुणी जागचं हललं नाही. अध्यक्ष या नात्यानं मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एकीनं आत्याला फोन लावला, ती गुडघे धरत आली. चौऱ्याण्णव टक्के म्हणजे चांगलेच की, असं म्हणून मी विषय मिटवू पाहिला, तर तिनं मला नापास केलं तेव्हाच्याच नजरेनं बघितलं.

"हितं गाळायचं न्हाई, निथळायचं न्हाई. पातेल्यातलं सगळं साच्यात जातं. टक्का हरवायला जागाच न्हाई. जे बाहेर आलं न्हाई, ते आत गेलंच नव्हतं."

तिनं तेलाच्या रिकाम्या पिशव्या मागवल्या. चष्मा घरी राहिलेला, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. एक लिटर. त्याखाली बारीक अक्षरात, ९१० ग्रॅम. आमच्याकडे तेलाच्या पिशवीला सगळेच किलो म्हणतात. आत्यानं दहा किलो सांगितलं होतं, आम्ही दहा पिशव्या ओतल्या होत्या. जवळजवळ नऊ वड्यांच्या वजनाइतकं तेल पातेल्यात पडलंच नव्हतं.

मी सुटकेचा श्वास सोडला. आत्याचा चेहरा मात्र उतरला. "तेल आधी संपलं," ती पुटपुटली, "मग सोडा कुठं गेला?" आम्ही अडवायच्या आत तिनं एक वडी उचलून जिभेचं टोक लावलं. झटक्यात मान मागे गेली, डोळ्यांत पाणी आलं. चूळ भरून ती खाली बसली. "साबनातच हाय." दुसऱ्या दिवशी तो साबण पोरींच्या अंगाला लागणार होता.

वसतिगृहाला तिनंच कळवलं. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "रजिया, या गावात किलो म्हंजे पिशवी, हे मला कळायला पाहिजे होतं. माझ्या चुकीचा आळ तुझ्यावर आला."

रजियानं तार गुंडाळून ठेवली आणि ती आत निघून गेली.

कमी पडलेलं तेल घालून साबण पुन्हा शिजवला. आता वड्या बरोबर भरल्या, वसतिगृहानं घेतल्याही. कापल्या सिंधूवहिनींनी, वाकड्या. आत्या रोज संध्याकाळी रजियाच्या गाडीवर जाऊन केळी घ्यायची. गटात परत ये, असं रजियाला ती एकदाही म्हणाली नाही. घरात केळी काळी पडत होती.

पुढं गुडघ्यांनी अगदीच हात टेकले, आणि मुलगा तिला आपल्याकडे लातूरला न्यायला आला. आत्या गाडीत बसत असताना रजिया आली. "मी कापायला जाईन बाई," ती म्हणाली, "पन साबन माझ्या घरी नको."

आता साबण माझ्या घरी सुकतो. कापून झालं की रजिया ओढणी झटकते, आणि दोन्ही तळहात सगळ्यांना दिसतील असे उघडे धरून उंबरा ओलांडते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही. असं करू नकोस म्हणायची आमच्यातल्या एकीचीही छाती होत नाही.

आत्याचा फोन येतो. वड्या किती झाल्या, हे ती आता विचारत नाही. "रजिया आलती का?" एवढंच विचारते. आली होती, असं मी म्हणते. तळहातांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.