मोडलेल्या चोचीची चिमणी

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात मी घरातली सगळी घड्याळं उघडून पाहिली, गॅलरीतल्या कुंड्यांच्या जागा चार वेळा बदलल्या आणि बायकोला फोडणी कशी द्यावी हे सांगायला लागलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. शेवटी बायकोनेच पेपरातलं एक बारकं निवेदन कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं. नाशकातल्या जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या ख्रिस्ती दफनभूमीची देखभाल करायला स्वयंसेवक हवे होते. दर रविवारी, सकाळी सात ते दहा.

‘‘तीन तास मोकळे मिळतील,’’ ती म्हणाली. तिला, हे मला नंतर कळलं. ‘‘आणि तिथं तुम्हाला कुणी उलट बोलणार नाही.’’

मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे चौतीस वर्षं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी यांना मार्क दिले. तरी थडग्यांवरच्या कोरीवकामातलं माझ्याइतकं तिथे कुणाला कळणार, अशी माझी खात्री होती. पहिल्याच रविवारी एका दगडावर उलटी मशाल दिसली. मी सगळ्यांना बोलावलं आणि कारागिराने दगड उलटा धरून काम कसं केलं असणार, हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. सगळ्यांनी निमूट ऐकलं. गटाच्या प्रमुख ताई वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘सर, आयुष्य विझलं हे दाखवायला मशाल उलटीच कोरतात. मागच्या रांगेत अजून तीन आहेत.’’ त्या दिवशी मी मागच्या रांगेत बराच वेळ गवत उपटत बसलो.

ताईंचा नियम एकच होता. दगडाला फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश. साबण नाही, पावडर नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. शेवाळ निघालं तर निघालं, नाही तर राहू द्यायचं. मला हा नियम भित्रेपणाचा वाटे. रंगाला घाबरणारी मुलं मी वर्गात खूप पाहिली होती, त्यांतल्याच ताई एक, असं माझं मत झालं.

कोपऱ्यात कडुनिंबाखाली एक छोटा संगमरवरी दगड होता. आजूबाजूला सगळे कर्नल, कलेक्टर आणि त्यांच्या मडमा, अक्षरं इंग्रजी. हा एकच दगड मराठी. वर एका लहान मुलीचं नाव आणि नावाच्या डोक्यावर उठावात कोरलेली, मुठीएवढी चिमणी. पंखाचं पीस न् पीस वेगळं दिसत होतं. चोच तेवढी मोडलेली होती. मी त्या चिमणीच्या प्रेमातच पडलो. मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसा मी त्या दगडाचा ठसा घेतला. घरी आल्यावर मोडकी चोच मला बघवेना, म्हणून कागदावर ती पेन्सिलीने पूर्ण केली. खाली कोपऱ्यात झोकदार सही ठोकली आणि फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. सात अंगठे आले. मी दिवसभर मोजत होतो.

मग दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीच्या आधी देवाची भांडी घासायचं काम माझं. समया, निरांजनं, ताम्हण, सगळं चिंचेच्या कोळाने आणि मिठाने. त्या वर्षी ताम्हण असं लखलखलं की शेजारच्या वहिनींनी आवर्जून कौतुक केलं. कौतुक मला पचत नाही. मला ताबडतोब चिमणी आठवली, काळवंडलेली बिचारी.

पुढचे तीन रविवार मी सगळ्यांच्या आधी अर्धा तास जाऊ लागलो. डब्यात मीठ घातलेला चिंचेचा कोळ, खिशात नारळाची शेंडी. कोळ थापायचा, मुरू द्यायचा, मग शेंडीने घासायचं. दगडावरून साखरेसारखी पांढरी भुकटी निघत होती आणि मी मनात म्हणत होतो, बघा, किती वर्षांचा मळ! तिथला माळी मूळचा देवळा तालुक्यातला. दुसऱ्या रविवारी तो मागे येऊन उभा राहिला.

‘‘सर, लय घासू नका. जुना दगड हे तो.’’

‘‘अरे, उजळतोय बघ कसा,’’ मी म्हणालो.

‘‘उजळतोय खरा,’’ तो म्हणाला, ‘‘पण चिमणी बारीक व्हायला लागली.’’

मी हसलो. चौथ्या रविवारी मोठ्या थाटात सगळ्या गटाला कोपऱ्यात घेऊन गेलो. दगड दुधासारखा पांढरा झाला होता. ताई खाली बसल्या आणि त्यांनी दगडावरून बोट फिरवलं. मग मीही चष्मा पुसून नीट पाहिलं. पिसं गेली होती. नावाची अक्षरं फळा ओल्या फडक्याने पुसावा तशी पुसट झाली होती. चिमणीच्या जागी एक उकडलेला बटाटा होता. ‘‘काय लावलंत, सर?’’ ताईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली. ‘‘आपल्या ओट्यावर लिंबू पिळलं की डाग पडतो. संगमरवराला आंबट चालत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?’’

नव्हतं माहीत. ओटा आमच्या घरात एकतीस वर्षं आहे आणि फोडणीचं मार्गदर्शन मी नेहमी दारात उभा राहून केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी हाताला शेंडी बांधून करून दाखवलं होतं.

खरी धडकी मात्र पुढच्या रविवारी भरली. माळी म्हणाला, ‘‘सर, नाताळाच्या आधी ती आजी येईल. त्या चिमणीवाल्या पोरीची बहीण. दर वर्षी येती. द्वारका चौकाच्या पल्याड राहती, रिक्षा करून येती. तिला डोळ्यानं दिसत नाय आता. हातानंच बघती.’’

म्हातारी येणार, हात फिरवणार आणि तिच्या हाताला बटाटा लागणार. नाताळाला पाच आठवडे होते. मला धड झोप लागेना, जेवण जाईना.

अशा वेळी शहाणा माणूस सरळ माफी मागतो. मी युक्ती शोधली. शाळेत मी मुलांकडून तांब्याच्या पातळ पत्र्यावर उठावाची चित्रं करून घेत असे. पत्रा वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवायचा, मागच्या बाजूने बोथट पेनाने दाबायचं, पुढे चित्र फुगून येतं. माझ्याकडे ठसा होताच. भांडी बाजारातून पत्रा आणला आणि कामाला बसलो. पहिल्या पत्र्यावर सगळं नाव उलटं उमटलं, कारण मागून दाबताना ते आरशातल्यासारखं काढावं लागतं, हे चौतीस वर्षं मुलांना ओरडून सांगणारा मी स्वतः विसरलो. दुसरा मात्र साधला. पीस न् पीस आलं, चोच आली, अगदी टोकदार. आणि हाताच्या सवयीने खाली कोपऱ्यात माझी सहीही आली.

पत्रा दगडाला घट्ट बांधायचा आणि म्हातारीला काही कळू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. आंधळ्या बाईला फसवायचं आणि वर त्याला प्रायश्चित्त म्हणायचं. ताईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्हीच बांधा. आणि तिथेच उभे राहा.’’

ती आली त्या सकाळी चांगलीच थंडी होती. ऐंशीच्या पुढची, हडकुळी, अंगात पुरुषी स्वेटर, हातात शेवंतीची जुडी. माळ्याने तिला हात धरून कोपऱ्यात आणलं आणि दगडासमोर बसवलं. तिने हात पुढे केला. बोटं पत्र्याला लागली मात्र, ती थबकली.

‘‘हे तांबं आहे,’’ ती म्हणाली.

मी पुढे झालो. ‘‘मावशी, ते जरा संरक्षणासाठी...’’

‘‘कोण तुम्ही?’’

‘‘मी इथे सेवा करतो. चित्रकलेचा मास्तर होतो.’’

‘‘माझा बाप पाथरवट होता, मास्तर. हे सगळे गोरे त्यानं कोरले. उरलेल्या तुकड्यातनं हा एक आमचा. दगड कुठला आणि पत्रा कुठला, मला कळत नाही असं वाटलं का?’’ तिने दोरी चाचपली, गाठ सोडली, पत्रा मांडीवर घेतला आणि दुसरा हात दगडावर ठेवला. तो हात बराच वेळ फिरत राहिला. चिमणी होती तिथे येऊन थांबला. पुन्हा पुन्हा एकाच जागी अंगठा फिरत होता.

‘‘इथं टोचायचं,’’ ती म्हणाली. ‘‘आता टोचत नाही.’’

मी सगळं सांगितलं. चिंच, मीठ, शेंडी, तीन रविवार. ताम्हणाचं कौतुकही सांगितलं, ते का सांगितलं कोण जाणे. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

‘‘तुमच्या हातांना दुसरा कामधंदा नव्हता?’’ ती जोरात म्हणाली. लांब गवत काढणारे सगळे वळून पाहू लागले. ‘‘माझ्या बापाचा हात होता तो. एवढाच उरला होता.’’

‘‘नव्हता कामधंदा,’’ मी म्हणालो. मला रडू फुटलं. एकोणसाठाव्या वर्षी, नाक ओढत, सगळ्या गटासमोर. मला लाज वाटत होती, आणि पहिल्यांदाच ती मी कसा दिसतो याची नव्हती.

मग ती मांडीवरच्या पत्र्यावर बोटं फिरवू लागली. नाव वाचलं. पंख वाचला. चोचीवर आली आणि म्हणाली, ‘‘ही चोच कुठनं आणली?’’

‘‘मोडलेली होती, म्हणून मी पूर्ण केली.’’

‘‘कुणी सांगितलं होतं?’’ तिचा आवाज एकदम उतरला. ‘‘ती मी मोडली होती.’’

मग तिने सांगितलं. बहीण हिच्या जन्माआधीच गेली. आई दर रविवारी या दगडापाशी येऊन बसायची, दगडाला ‘माझी चिमणी’ म्हणायची. हिला कधी तसं म्हणाली नाही. ही सात वर्षांची असताना एके दिवशी आईचा डोळा चुकवून आली आणि धोंड्याने चोच फोडली. ‘‘पोरांनी फोडली असेल, म्हणाली आई. बाप काही बोलला नाही. त्याला एका दिवसात नवीन चोच बसवता आली असती. नाही बसवली. त्याला कळलं असणार. मी नाव वाचायला येत नाही, मास्तर. नाव मला पाठ आहे. इथं बोट टोचून घ्यायला येते, आणि सॉरी म्हणून जाते. आईलाही आणि बहिणीलाही.’’

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. पत्रा तिच्याच मांडीवर राहू दिला. अंगठ्याच्या नखाने चोच दाबून सपाट केली. तिने बोट लावून पाहिलं.

‘‘अजून.’’

आणखी दाबली.

‘‘आता गुळगुळीत झाली. टोचलं पाहिजे.’’

मी पत्रा जरा उचलून स्कूटरच्या किल्लीने तिथे मागून दोन-तीन भोकं पाडली. कडा वर आल्या. तिने अंगठा दाबला, ‘स्स्’ केलं आणि मान हलवली. ‘‘हां. इथंच.’’ आणि तशीच अंगठा दाबून बसली. ओठ हलत होते. मी दुसरीकडे पाहत होतो.

उठायच्या आधी तिची बोटं पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. ‘‘आणि हे काय? हे दगडावर नव्हतं.’’

माझे कान तापले. ‘‘ती माझी सही आहे. सवयीने झाली. आत्ता पुसतो.’’ मी नख लावलं. तिने माझा हात बाजूला केला.

‘‘राहू द्या. मोडणाऱ्याचं नाव असू द्या.’’ तिने पत्रा माझ्याकडे सरकवला. ‘‘पण मग माझं आधी. मी तुमच्याआधी मोडली.’’

पत्रा पालथा केला. सहीच्या वर जेमतेम बोटभर जागा होती. तिने नाव सांगितलं आणि मी किल्लीने, या वेळी न विसरता, आरशातल्यासारखं एकेक अक्षर दाबत गेलो. झाल्यावर पत्रा सुलटा करून तिच्या हातात दिला. तिने ते दोनदा वाचलं. पत्रा स्वेटरच्या आत, छातीशी ठेवला, शेवंती दगडापाशी ठेवली आणि माळ्याला म्हणाली, ‘‘चल, रिक्षा खोळंबली आहे.’’