लीला मागून चालायची

सून दारात येऊन म्हणाली, "आई, लीलाबाई गेल्या." मी फिरायला जायचे बूट चढवत होते. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला... इथंही ही माझ्या पुढंच. रडू मागाहून आलं.

दारव्ह्याला आम्ही शेजारणी. साखर माझी वाढली, डॉक्टरांनी रोज चालायला मला सांगितलं. सहानुभूती मिळेल म्हणून मी लीलाला सांगायला गेले, तर ती म्हणते, "तू एकटीच कायले? अख्खा मोहल्ला चालला पायजे." झालं. दुखणं माझं, नाव तिचं. पण बिनकामाचं फिरायचं म्हणजे बायांना लाज. लीलानं प्रत्येकीच्या हातात रिकामी बरणी दिली. "कोनी इचारलं तं सांगा, दूध आनाले चाललो." आठवडाभरात आमचा दूधवाला हवालदिल, एवढी गिऱ्हाइकं कोणी फोडली म्हणून. पुढं बरण्या सुटल्या, सासवा आल्या, सुना आल्या, मग लाजत लाजत पुरुषही.

मी सगळ्यांच्या पुढं. लेकानं नागपूरहून आणलेले पांढरे बूट, हात झुलवत, मान ताठ... तेव्हाची मी म्हणजे वरातीतली घोडी, नवरदेव नसलेली. कारण बघायचं कोणी नाही. हसणं-खिदळणं सगळं मागं, जिथं लीला स्लिपर फटफटवत शेवटच्या बाईसोबत यायची. वरून मलाच हाक, "वच्छले, कोनाले हरवून राह्यली वो?" अंगाचा तिळपापड व्हायचा.

तेरवीनंतर बाया माझ्या फाटकाशी आल्या. "काकू, आता तुमीच चालवा." किती वर्षं वाट पाहिली होती या दिवसाची. निघाले ऐटीत. नाक्यावर वळून पाहिलं तर रांग विस्कटलेली. काही परतल्या होत्या, अन् लठ्ठ कमलाबाई पुलाच्या कठड्यावर बसून हात हलवत होती. "जा तुमी. गुडघा नाई म्हणते. उद्यापासून मी येत नाई."

मी परत फिरले. तिला हात दिला, तिच्या चालीनं चालले.

आता रोज मागंच असते. मागून सगळं दिसतं... कोणाचा पाय लचकतो, कोण घरून भांडून आलीय, कोणत्या सासूनं सुनेच्या खांद्यावर हात टाकलाय. काल कमलाबाई न बसता नाक्यापर्यंत आली, अन् माझीच छाती फुगली.

एवढी वर्षं ही मजा एकटीनंच घेतली. मेलीनं सांगितलं नाही कधी.