मनोहरकाकांचा गाल

ऑक्टोपॅड दुरुस्त झाला की मनोहरकाका त्यावर गाल टेकवायचे. आठही रबरी चौकोनांवर, एकामागून एक, डोळे मिटून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात काड्यांनी ऑक्टोपॅड वाजवणारा. पांढुर्ण्याच्या स्टेशनजवळ त्यांच्या दुकानात माझा वीसेक वर्षं जुना पॅड घेऊन गेलो होतो.

"हसून काय राहिला बे? हात खोटं बोलते. गाल नाही बोलत."

जुनं रबर आधी चिकट होतं, मग कडक. काका ते स्पिरिटनं पुसत, बारीक पॉलिश पेपरनं घासत, हीटगनच्या गरम हवेची ऊब देऊन मऊ करत. पण माणूस एका जागी ठरेल तर शपथ! स्टुलावरून उठायचे, दारात जाऊन स्टेशनात आलेली गाडी पाहायचे, परत येऊन पाय हलवत बसायचे. नवं रबर टाका म्हटलं की चिडायचे.

"ह्या रबरानं तुया हाताचा मार खाल्ला हाय. तुयी काडी कुठं पडते, नव्याले काय माहीत?"

एकदा माझ्याच पॅडचा सहावा चौकोन ते शेकत होते. जळकट वास आला. मला वाटलं, रबर गेलं. पाहतो तर हीटगनच्या तोंडाशी काकांचं बोट, कातडी पांढरी पडून फुगलेली, आणि काका मजेत संत्र्याच्या बहराबद्दल बोलत होते. मी त्यांचा हात ओढला. साखरेच्या आजारानं बोटांची जाणीव कधीच गेली होती. म्हणून तो गाल.

"कोनाले सांगू नको. घरी कळलं तं दुकान बंद करतीन. मंग दिवसभर मी काय करू?"

मी शब्द दिला. पण मला चैन पडेना. कार्यक्रमात सहाव्यावर काडी पडली की ते बोट दिसायचं. शेवटी मी काकांच्या बायकोला, लताकाकूंना, सांगून टाकलं. महिनाभरात दुकानाला कुलूप लागलं आणि मुलानं दोघांना आपल्या घरी सौंसरला नेलं.

बरेच दिवस तिकडे जायचा मला धीर झाला नाही. गेलो तेव्हा पॅड, स्पिरिट आणि पॉलिश पेपर पिशवीत घेऊनच गेलो. काका व्हरांड्यात येरझारा घालत होते. पॅड पाहिला आणि थांबले. एकेका चौकोनावर गाल टेकवत सहाव्यापाशी आले.

"कडक झाला हा. घास."

मी घासायचो, ते गाल लावायचे. "अजून," म्हणायचे. "कोपऱ्यात राहिलं." ऊन व्हरांड्यातून खाली उतरलं. मग गाल न उचलताच त्यांनी विचारलं, "तुया काकूले तूच सांगतलं ना?"

"हो काका."

"बरं नाही केलं तू."

मला रडू येत होतं. बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. पेपर तसाच हातात राहिला. काकांनी पॅड माझ्याकडे सरकवला.

"थांबला कायले? सातवा घे."