विहिरीमागचे कांदे आणि आदिपाप

पाप हा विषय मी निवडला नव्हता. तो माझ्यासाठी उरला होता. टेंभुर्णीच्या शाळेत वीस वर्षं इतिहास शिकवून झाल्यावर मला तत्त्वज्ञानात एम.ए. करायची हुक्की आली, आणि लघुप्रबंधाचे विषय वाटायच्या दिवशीच माझी गाडी पंक्चर झाली. मी जालन्याच्या कॉलेजात पोचेपर्यंत संतांवरचे, शेतीवरचे, लोकगीतांवरचे सगळे विषय लोकांनी उचलले होते. मार्गदर्शक मॅडमचं बोट यादीवरून घसरत घसरत तळाला गेलं.

"सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारातली पापाची कल्पना. घेता?"

"घेतो की," मी म्हणालो. नाही म्हटलं असतं तर यादीत खाली फक्त कागदाची कड होती.

आमच्या गावी, केदारखेड्याला, शेती करणाऱ्या थोरल्या भावाला ही बातमी सांगितली. त्याला मी दादा म्हणतो, गावही म्हणतं. दादा बैलांपुढं कडबा टाकत म्हणाला, "पापावर लिहायला पुस्तकं कशाला लागतेत रे तुला? दोन दिवस पारावर बस. वही पुरायची न्हाई."

दर रविवारी मी टेंभुर्णीहून गाडी काढून शेतात जायचो. याला मी 'दादाला मदत' म्हणायचो. मदत म्हणजे विहिरीजवळच्या लिंबाखाली बाजेवर पडून झेरॉक्स वाचणे. दादाने त्या वर्षी एका बियाण्याच्या कंपनीसाठी कांद्याच्या बियाचा प्लॉट घेतला होता. दिवाळीच्या सुमाराला कांदे लावायचे, त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे येतात आणि त्यात बी धरतं. अट एकच, पण कडक. आसपास दुसऱ्या जातीचा कांदा फुलता कामा नये. मधमाशीला बांध कळत नाही. ती इकडचा पराग तिकडे नेते आणि बियात भेसळ होते. कंपनीच्या साहेबाला पाहणीत परका गोंडा दिसला की प्लॉट फेल. सगळ्या हंगामाची मेहनत मातीत.

शेजाऱ्यांना हे समजावून सांगायचं काम दादाने माझ्यावर टाकलं. "तू मास्तर हायेस, तुझं ऐकतेन." बांधाला बांध लागून ज्यांचं वावर आहे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरंच होती, आता दोन एकर आणि चार शेळ्या; दुपारी तेही माझ्या बाजेवर टेकायचे. मामांनी खाण्यापुरते दोन वाफे कांदे लावले होते. त्यांच्यापुढे उभं राहून मी शब्द पाळणं, शेजारधर्म, बियाची शुद्धता यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. मामा वाफ्यातलं गवत उपटत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, उपटतो म्या कांदे. पन तुम्ही आता थांबा, शेळ्या पान्यावर न्यायच्यात." दोन्ही वाफे त्यांनी त्याच दिवशी मोकळे केले आणि पुढे कांदा लावणार नाही असा दादाला शब्द दिला.

आता माझा पराक्रम ऐका. त्याच आठवड्यात बायकोनं घरातली कांद्याची टोपली माझ्यापुढं आदळली. "अहो, सगळ्याला कोंब आले. टाका तरी, न्हाईतर खा तरी." टाकायचं माझ्या जिवावर आलं. रविवारी टोपली शेतात नेली. निम्मे कांदे विहिरीमागं बांधाच्या कडेला खोचले आणि निम्मे पाण्याच्या पाटाच्या काठानं. विचार एवढाच की कोवळी पात होईल, झुणक्याला उपयोगी पडेल. हात धुतले, बाजेवर पडलो आणि पाप कुठून येतं ते वाचायला लागलो. ज्याने मामांना अर्धा तास व्याख्यान दिलं तो माणूस आणि कांदे खोचणारा माणूस, या दोघांची माझ्या डोक्यात भेटच झाली नाही. पात खायची तर मी साफ विसरलो.

वाचलेलं मी दादाला सांगायचो, कारण ऐकणारा तो एकटाच होता. उत्तर आफ्रिकेतल्या एका धर्मगुरूचं म्हणणं होतं की माणसांच्या पहिल्या बापानं पाप केलं आणि ते बीजातूनच पुढं सगळ्या लेकरांत उतरलं. त्यालाच आदिपाप म्हणतात.

दादा म्हणाला, "मंग ह्यात त्यानं काय शोध लावला? बी खराब तर पीक खराब. हे आमच्या कंपनीचा ड्रायवर पन सांगंल."

"पण त्याला विरोध करणारा एक होता. तो म्हणायचा, प्रत्येक लेकरू स्वच्छच जन्मतं. दुसऱ्याचं पाहून बिघडतं."

"त्याला म्हनावं प्लॉट नको घेऊस. बिलकुल पास न्हाई व्हायचा."

अशी आमची परिषद चालायची. त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडली होती. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं मागची सगळी पापं धुतली जातात, म्हणून पुष्कळ लोक तो शेवटच्या आजारपणापर्यंत लांबवायचे. एकदाच धुवायचं तर सगळं धुणं एकदमच काढू, असा तो हिशेब. मी समासात लिहिलं होतं, 'व्यवहारी माणसं.'

जानेवारीच्या शेवटाला, रविवारीच, कंपनीचे साहेब पाहणीला आले. प्लॉट त्यांना आवडला. सगळे दांडे उभे होते, गोंडे अजून उमलायचे होते. दादा खुशीत होता, मामाही काय चाललंय ते पाहायला आले होते. साहेब हात धुवायला विहिरीमागं गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "दादा, हे काय आहे?"

बांधाच्या कडेला गवतात अकरा दांडे होते. त्यातल्या तीन दांड्यांवरचे गोंडे उमललेले, आणि त्यावर एक मधमाशी इमानदारीनं काम करून राह्यली होती.

मी ओळखले. आपली लेकरं कोण ओळखत नाही?

बांधाच्या पलीकडचं वावर मामांचं. दादाची नजर फिरली ती थेट मामांवर. "मामा, तुम्ही शब्द दिल्ता."

"म्या न्हाई लावले," मामा म्हणाले.

"मंग काय आभाळातून पडले? तुम्हाला न्हाई तर कोनाला कांदा खायचा होता इथं?"

"म्या न्हाई लावले म्हनलं ना."

साहेबांनी अकराही उपटले. म्हणाले, "तीनच उमललेत, तुमचं फुलायचंय अजून, म्हणून आज फेल करत नाही. पुढच्या रविवारी परत येतो. आजूबाजूला आणखी एक जरी सापडला, तर माझा इलाज नाही."

माझी नजर पाटाकडं गेली. कारण आणखी होते हे फक्त मला माहीत होतं. निम्मी टोपली पाटाच्या काठानं, तिथल्या दाट गवतात, आणि नेमक्या जागा आता मलाही आठवत नव्हत्या. मी गप्प राहिलो तर मामा खोटे ठरणार आणि दादाचा प्लॉटही जाणार. बोललो तर पुढची वीस वर्षं गावात काय म्हणून ओळखला जाईन, तेही दिसत होतं. ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या जुन्या पत्रांत एकानं कबूल केलंय की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि नको तेच होऊन बसतं. मी त्यावर सहा पानं लिहिली होती, एकही कामाचं नव्हतं. समासातली व्यवहारी माणसं आठवली. वाटलं, संध्याकाळी दादाला एकट्याला गाठून सांगू. नाहीतर उद्या. नाहीतर फोनवर.

चहा आला. दादानं मामांना कप दिलाच नाही. मामांनीही मागितला नाही, नुसते उभे राहिले, शेळीची दोरी बोटाला गुंडाळत.

मी घसा साफ केला. "आपण सगळ्यांनी आधी हे लक्षात घेतलं पाहिजे की दोष हा कुण्या एकट्याचा नसतो. सुरुवातीच्या काळात..."

"मास्तर," मामा शांतपणे म्हणाले, "कांदे कोन लावले ते बोला."

"मी लावले," मी म्हणालो. "दिवाळीत. घरचे, कोंब आलेले. पातीसाठी. आणि अजून पाटाच्या काठानंही आहेत."

साहेबांचा कप ओठाशीच थांबला. दादा माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मीच ती भेसळ. मग त्याच्या तोंडून आलं, "आनि व्याख्यान कोन दिल्तं रे?"

मी पाटाकडं पळालो. गवत चाचपलं, काठ पालथा घातला. एकही दांडा नाही. जमिनीलगत कापलेले बुडखे तेवढे होते.

मामा मागून आले. "न्हाई सापडायचे. गोंडा धरायच्या आधीच म्या कापून शेळीला घातले. दर आठ दिवसाला येऊन पाहत होतो, परत फुटला का म्हनून. हे विहिरीमागचे तेवढे दिसले न्हाईत, गवत लई होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पाटाला लावताना पाह्यलं की तुम्हाला. म्हनलं मास्तर हायेत, काहीतरी प्रयोग असंल. मंग वाटलं, दादाचा प्लॉट जाईल."

"मग मघाशी का नाही सांगितलं? दादा तुम्हाला एवढं बोलला!"

"तुम्ही सांगता का ते पाहू राह्यलो."

"आणि मी नसतं सांगितलं तर?"

मामांनी एक बुडखा पायानं उकरला. "तर म्या पन सांगितलं नसतं. पन तुमच्या बाजेवर परत बसलो नसतो."

परत आलो तेव्हा दादानं मामांपुढं हात जोडले होते आणि मामा ते खाली करत होते. साहेबांनी हसू दाबत मान खाली घातली. शिक्षा दादानं दिली. जुन्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाप करणाऱ्याला गोणपाट नेसवून दाराशी उभं करायचे, सगळ्यांच्या देखत, असं मीच त्याला सांगितलेलं. त्यानं खत रिकामं झालेलं पोतं माझ्या अंगावर फेकलं. "हे कमरेला बांध आनि सगळा बांध धुंडाळ. एक पात राह्यली न्हाई पाह्यजे." येणारेजाणारे थांबून विचारायचे, "मास्तर, काय हरवलं?" दादा प्लॉटमधून ओरडायचा, "अक्कल!"

पुढच्या रविवारी साहेबांना काही सापडलं नाही. प्लॉट पास झाला. माझ्या लघुप्रबंधात पापावर ऐंशी पानं होती आणि देवाच्या कृपेवर, म्हणजे न मागता मिळणाऱ्या माफीवर, एक परिच्छेद, तोही कुठून तरी उचललेला. मॅडम म्हणाल्या, कृपेवर नवं प्रकरण लिहा. लिहिलं. त्यात शेळीचं नाव घालता आलं नाही, याची खंत आहे.

त्या दुसऱ्या पाहणीच्या दिवशी चहा मी स्वतः केला, तीन दगडांच्या चुलीवर, डोळ्यांत धूर घेत. पहिला कप मामांना दिला. ते बाजेवर ऐसपैस बसले, बशीत ओतून एक भुरका मारला आणि दादाला म्हणाले, "दादा, मास्तरांना कांदे लावू द्या. चहा नका करू देऊ."