आठ आणि आठ चार

मुलगा कॅनडाला गेला तेव्हा गिटार सोबत घेऊन गेला आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर पिंपळे गुरवच्या आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. "राहू द्या पप्पा, परत आलो की लागेल," म्हणाला. त्याचा स्पीकरचा खोका तेवढा मित्राला दिला. पुढे ही वारली, आणि घरात मी आणि तो अ‍ॅम्प असे दोघंच उरलो.

यंत्र पडून राहिलं की बिघडतं, हे माझं कंपनीतलं शहाणपण. म्हणून जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर त्याला जोडले आणि दर रविवारी मोबाइलवरची गाणी त्यातून वाजवायला लागलो. एका रविवारी करपल्यासारखा वास आला. मागून बघतो तर आतले दोन मोठे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे, लाल. मुलगा त्यांना ट्यूब म्हणतो. ट्यूब म्हटलं की मला आपली भिंतीवरची ट्यूबलाइटच दिसते. बटण बंद केलं आणि त्याला मेसेज टाकला.

एरवी ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ एवढं विचारून फोन ठेवणारा हा गडी, त्याचा तेव्हाच्या तेव्हा फोन. "लाल म्हणजे काय लाल? आतली तार लाल असतेच. तिच्याभोवतीचा पत्रा लाल होतोय का?"

"अरे, सगळी नोकरी भट्टीसमोर काढली मी. पत्राच लाल होता."

मग रोज सकाळी त्याचा फोन यायला लागला. तिकडे तेव्हा संध्याकाळ. तो ऑफिसातून घरी निघालेला असे. मागची जाळी काढा, पण वायरिंगला हात लावू नका, बंद असतानाही झटका बसतो. व्हॉल्व्ह गार होऊ द्या, मग एकमेकांच्या जागी लावा. तरी दोन्ही लालच, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही. मधेच तो तिकडच्या बर्फाचं सांगायचा, मी इकडच्या चिखलीच्या रस्त्याचं रडगाणं गायचो. बिघाडात एवढी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

शेवटी त्याने स्पीकरच्या मागचा आकडा विचारला.

"दोन्हींवर आठ ओहम."

"आणि अ‍ॅम्पच्या मागचा ओहमचा खटका कशावर आहे?"

"सोळावर. आठ नि आठ सोळा."

तो इतका हसला की मलाही हसू फुटलं. "अहो पप्पा, समांतर जोडलेत तुम्ही. तसे जोडले की आठ नि आठ चार होतात! सगळा ताण व्हॉल्व्हवर येतो. चारवर करा."

चारवर केलं. पत्रे काळेच राहिले, आवाज भरदार. दुसऱ्या सकाळी फोन आला तेव्हा गाणं चालूच होतं. मी ऐटीत सांगितलं, "कधीचा वाजतोय. एकदम टकाटक."

"भारी! मग फोटो काढून पाठवा. चालू आहे तोवर विकून टाकू. माझं आता इकडेच राहायचं पक्कं झालंय पप्पा. तो उगाच जागा अडवून बसलाय."

"बरं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तो येणार नव्हता, आणि अ‍ॅम्प नीट झाल्यावर उद्या फोनही कशाला येईल?

"चला, ठेवू?" त्याने विचारलं.

"अरे थांब थांब. परत लाल होतोय बघ."

"काय सांगता! दोन्ही?"

"एकच," काळ्या पत्र्यांकडे बघत मी म्हणालो.

"आधी बंद करा. उद्या बघू."

मी बंद केला नाही. उद्या काय सांगायचं, याचा विचार करत गाणं ऐकत बसलो.