बाईंनी लिहिलेलं नाव

"नवऱ्याचं नाव नंतर. आधी तुमचं सांगा."

असं म्हणून बाई कानामागची पेन्सिल काढायच्या, टोक जिभेला लावायच्या आणि थांबायच्या. ती जांभळ्या शिशाची पेन्सिल होती. त्यामुळे त्यांच्या जिभेवर कायम जांभळा डाग असे. आम्ही बायका त्यावरून हसायचो.

कल्याणात पारनाक्याजवळच्या आमच्या चाळीत त्या मतदारांच्या यादीचं काम घेऊन आल्या, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. विधवा होत्या, एकट्या राहायच्या. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिला सगळे मान देतात आणि घरी कोणी बोलावत नाही.

चाळीतल्या बायका नाव सांगेनात. एक म्हणाली, "लिहा, बंडूची आई."

"सरकारला बंडूची आई चालत नाही. कल्याणात बंडू किती, आणि त्यांच्या आया किती?"

माझ्या सासूबाईंनी स्वतःचं नाव सांगितलं, पण नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेईनात. चांगला चार ओळींचा उखाणा घेतला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला. "आजी, छान आहे. पण रकान्यात एवढा मावायचा नाही." सासूबाईसुद्धा हसल्या.

मग माझी पाळी आली. सासूबाई म्हणाल्या, "सुशीला लिहा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माहेरचं काय होतं?"

"द्वारका," मी म्हटलं. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, त्यानंतर या घरात ते नाव मी पहिल्यांदा उच्चारलं.

"तुम्हाला कुठलं हवंय?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. भाजी कुठली करू, हेसुद्धा मीच दुसऱ्यांना विचारायची. मी सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "द्वारका." बाईंनी लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. मी चौथी शिकलेली. वाचता येत होतं. जांभळ्या अक्षरात मी होते.

तेव्हापासून बाई रस्त्यात भेटल्या की मला 'द्वारकाबाई' म्हणायच्या. सासरच्या गावात तेवढ्याच.

मोठ्या निवडणुकीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी होते. मत राहिलं. पुढे नगरपालिकेची निवडणूक आली आणि आमच्या भागातून बाई उभ्या राहिल्या. त्यांची खूण शिडी. समोर भाताच्या गिरणीचे मालक होते.

आमच्या चौकात नळ येणार होता. त्याआधी आम्ही विहिरीवर जायचो. विहिरीपलीकडे एक वस्ती होती. आम्ही ती जातीच्या नावानेच ओळखायचो. ते नाव आता लिहीत नाही. त्यांना विहीर बंद होती, त्या बायका तळ्याचं पाणी न्यायच्या. बाई दारोदार सांगत होत्या, "नळ सगळ्यांचा. रांगेत जो पुढे, तो आधी भरेल. कायदा झालाय, आता मनानेही करू."

मतदानाच्या दोन दिवस आधी गिरणीवाल्यांकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या चाळीला बोलावणं. बाई विधवा, म्हणजे त्यांना नव्हतं. त्यामुळे तिथे जे बोललं गेलं, त्याला उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. गिरणीवाल्यांच्या वहिनींनी वाण म्हणून पितळेचा छोटा तांब्या दिला. माझ्या हातात ठेवताना म्हणाल्या, "सुशीला, देवाला पाणी यातूनच घाल हो. फक्त ते कुणाच्या घागरीला लागून आलेलं नसावं म्हणजे झालं."

"शिडी म्हणे खूण!" मागून कोणीतरी म्हणालं. "शिडीवरून घरात कोण कोण चढेल, बघा आता."

सगळ्या हसल्या. मीही हसले. कोणी दटावलं म्हणून नाही; हसू आलं म्हणून.

मतदानाला गेले. शाळेच्या फाटकाबाहेर बाई उभ्या होत्या. "द्वारकाबाई आल्या!" एवढंच म्हणाल्या आणि हसल्या. मत मागितलं नाही. आत कारकुनाने यादीतून मोठ्याने नाव वाचलं. मी म्हटलं, "हो, मीच."

पडद्यामागे दोन पेट्या होत्या, प्रत्येकीवर एका उमेदवाराची खूण. तिथे सासूबाई नव्हत्या, यजमान नव्हते, वहिनी नव्हत्या. मला कोणी काही म्हटलं असतं असंही नाही. मी शिडीच्या पेटीवर हात ठेवला. मग डोळ्यांपुढे नळाखाली आमच्या हंड्याला लागून वस्तीतली घागर दिसली, आणि मला किळस आली. किळसच आली, दुसरा शब्द नाही. चिठ्ठी मी दुसऱ्या पेटीत टाकली.

बाई पडल्या. किती मतांनी, ते मी विचारलं नाही.

आठवड्याने त्या समोरून आल्या. माझी जीभ आपोआप सुटली. "बाई, मी तर तुम्हालाच—"

त्यांनी हात वर केला. "सांगायचं नसतं, द्वारकाबाई. मत गुप्त असतं. शिकवलं होतं ना?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नळ आला. वस्तीतल्या बायका लांब घागरी मांडून उभ्या राहायच्या. बाई रोज शाळेआधी यायच्या, आमच्यासारख्याच रांगेत थांबायच्या, आणि पाळी आली की आपल्या बादलीने त्यांच्या घागरी भरायच्या. एक बादली झाली की पुन्हा रांगेच्या शेवटी. त्या गेल्या की आम्ही राखेने तोटी घासायचो. मीही घासली आहे.

दोनेक वर्षांनी बाईंना पोटाचं दुखणं झालं. भावाकडे नाशिकला गेल्या आणि तिकडेच वारल्या. त्या नाशिकला निघाल्या त्या सकाळी घागरी नेहमीसारख्या मांडलेल्या होत्या. बायका बाईंच्या वाटेकडे बघत होत्या. मग एकीने माझ्याकडे बघितलं. मी माझा हंडा भरला आणि घरी आले.

पुढच्या निवडणुकीच्या याद्यांना एक मास्तर आले. घाईत होते. "सूनबाईंचं नाव?"

"सुशीला," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी जुनी यादी चाळली. "इथे द्वारका लिहिलंय. कोण ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पदराला हात पुसले.

"चुकून लिहिलं असेल," मी म्हटलं. "खोडून टाका."