दीड सूर खाली

तारवाल्याचं काम काय, असं विचारलंत तर लोक म्हणतील, गिटारींना तारा लावतो. हे म्हणजे आचाऱ्याला भांडी घासणारा म्हणण्यासारखं झालं. अहो, तीस वर्षं हा माणूस स्टेजच्या कडेला पडद्यामागे स्टुलावर बसून होता. मांडीवर गिटार, खिशात पक्कड, दातांत तारेचा तुकडा. वाघाच्या हातात सुरेल गिटार गेली आणि टाळ्या पडायला लागल्या की हा पुढच्या गिटारीला लागलेला.

'वाघ' हे लोकांनी ठेवलेलं नाव. ब्लूज गाताना तो असा काही गुरगुरायचा की दुसरं नाव शोभलंच नसतं. तारवाल्याला मात्र तो भावोजी, थोरल्या बहिणीचा नवरा. स्वभावानं तिरसट, नाकावर माशी बसू देणार नाही असा. त्याचा एक नियम बँडमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होता: "आपल्याकडे पट्टी उतरत नाही. ज्या सुरात पहिलं गाणं गायलो, त्याच सुरात शेवटचं गाणार." या नियमापायी त्यानं सख्ख्या भावाला घालवलं. धाकटा माउथऑर्गन वाजवायचा, अधूनमधून गायचाही. एकदा त्याचा घसा बसला तेव्हा तो बिचारा एवढंच म्हणाला, "दादा, माझ्या गाण्यापुरतं अर्धा सूर खाली घेऊ या ना." वाघानं चारचौघांत सुनावलं, "जमत नसेल तर घरी बस." धाकटा घरी बसला नाही, गावच सोडून गेला. त्यानंतर वीस वर्षं दोघा भावांत एक शब्द नाही.

आणि नऊ वर्षांपूर्वी वाघाचाच आवाज उतरायला लागला. शेवटच्या गाण्यात एक उंच हाक होती, तिथे तो चिरकायचा. ताई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिच्याच ते आधी लक्षात आलं. तिनं तारवाल्याला उशाशी बसवून घेतलं.

"यांचा आवाज जातोय रे. यांना कळलं तर हा माणूस हाय खाईल. काहीतरी कर."

"मी काय करणार, ताई?"

"तारा तुझ्याच हातात आहेत ना?"

तारवाल्यानं सगळ्या गिटारी अर्धा सूर खाली लावल्या. दोन वर्षांनी आणखी अर्धा. ताई गेल्यावर आणखी अर्धा. तार उतरवली की सैल पडते आणि बोटांना लगेच कळतं, म्हणून दर वेळी जरा जाड तारा चढवल्या. बेस वाजवणारा सामील होता. ज्याचा सूर असा गुपचूप उतरवता येत नाही, तो पियानो बँडमध्ये नव्हताच. वाघाची बोटं जुन्याच जागी पडायची, हाक बरोब्बर पोचायची आणि स्वारी खुशीत म्हणायची, "बघितलंस? अजून तीच पट्टी!" जुन्या रेकॉर्डी तो कधी लावत नसे. स्वतःच्या रेकॉर्डी ऐकायला लागला तो म्हातारा, असं त्याचं म्हणणं. तारवाला मान डोलवायचा, पण त्याचं मन त्याला खात राहायचं.

त्या दुपारी महोत्सवाच्या मैदानावर माणूस मावत नव्हता. वाघ गायला उभा राहायला तासभर होता. महोत्सव भरवणाऱ्या बाई लगबगीनं आल्या.

"तारवाले, पेढे काढा! शेवटच्या गाण्याला धाकटे येताहेत. दोघांनाही मीच पटवलं."

तारवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गिटारीची तार पिळून सूर हवा तिथे नेता येतो. माउथऑर्गनचा सूर कारखान्यात ठरतो आणि जन्मभर तिथेच राहतो, म्हणून वाजवणारे प्रत्येक पट्टीचं वेगळं बाळगतात. धाकटा अर्थातच जुन्या पट्टीचं काढणार. मग पहिल्याच फुंकरीला दीड सुराची भांडाभांडी, आणि नऊ वर्षांचं बिंग हजारो माणसांपुढे फुटणार.

तो धावतच धाकट्याच्या तंबूत गेला. धाकट्याचे केस पिकले होते. टेबलावर डझनभर माउथऑर्गन मांडलेली, आणि त्यांत ते लालही होतं. वाघानं पहिल्या कमाईतून भावाला घेऊन दिलेलं, जुन्या पट्टीचं.

तारवाल्यानं सगळं सांगून टाकलं. धाकटा आधी हसला, मग त्याचा चेहरा कडवट झाला.

"म्हणजे मला हाकलून दिलं, आणि स्वतः दीड सूर खाली? आणि आज मी गपचूप त्याच्यामागे उतरायचं? का म्हणून?"

"माझ्यासाठी नको करूस. ताईनं सांगितलं होतं मला."

"वहिनीनं?" धाकट्यानं टेबलावरचं लाल उचललं. "दर वाढदिवसाला फोन यायचा तिचा. चोरून करायची." त्यानं लाल माउथऑर्गन खिशात टाकलं आणि हातात खालच्या पट्टीचं घेतलं. तारवाल्याच्या जिवात जीव आला.

शेवटच्या गाण्याला धाकटा स्टेजवर आला तेव्हा मैदान दणाणलं. वाघानं भावाला मिठी मारली. अशी मिठी त्यानं कुणाला मारलेली तारवाल्यानं कधी पाहिली नव्हती. मग वाघाची नजर धाकट्याच्या हाताकडे गेली. तो माइकवरच म्हणाला, "हे कुठलं? लाल आणलं नाहीस?"

"त्याचा एक सूर अडकतोय, दादा."

"बघू तरी." खिशातून डोकावणारं ते लाल वाघानं लाडानं ओढून काढलं, ओठांना लावलं आणि जोरात फुंकलं. पाठोपाठ सवयीनं गिटारीची तार छेडली.

काय ते सूर! पुढच्या रांगेतल्यांनी तोंडं वाकडी केली. वाघानं पुन्हा फुंकलं, पुन्हा छेडलं. मग तो हळूहळू पडद्याकडे वळला. तारवाला स्टुलावरून उठला होता, पण त्याला वाघाच्या डोळ्यांत बघवेना.

वाघ चालत त्याच्यापाशी आला आणि गिटार त्याच्या हातात दिली. "खरी लाव," एवढंच म्हणाला.

"भावोजी, नको हो..."

"लाव म्हटलं ना."

तारवाल्यानं दीड सूर वर चढवला, पाठोपाठ बेसवाल्यानंही. जाड तारा कुरकुरत होत्या. एखादी तुटावी, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं. पण सगळ्या तारा टिकल्या. लाल माउथऑर्गन धाकट्याला परत देऊन वाघ गायला. पहिली दोन कडवी त्यानं कशीबशी रेटली. उंच हाकेला आवाज मधेच फाटला आणि तोंड उघडं असून घशातून नुसती हवा आली. त्याच क्षणी धाकट्यानं लाल माउथऑर्गनवर ती हाक उचलली आणि शेवटपर्यंत नेली. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. ते वेड्यासारखे टाळ्या पिटत राहिले.

नंतर वाघ तारवाल्याच्या स्टुलावर बसला. धाकटा त्याच्या शेजारी जमिनीवर.

"कधीपासून?" वाघानं विचारलं.

"नऊ वर्षं. ताईनं सांगितलं म्हणून."

वाघाला राग येईल, तो हात उगारेल, अशी तारवाल्यानं मनाची तयारी केली होती. पण वाघाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिच्या उशाशी बसून रोज गायचो मी. म्हणायची, अगदी लग्नाआधी गायचात तसं. मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी तिला देतोय." त्यानं नाक पुसलं. "ती मलाच धीर देत होती रे."

मग त्यानं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला तेव्हा अर्धाच सूर हवा होता, नाही?"

"अर्धाच, दादा," धाकटा म्हणाला.

वाघ उठला. एरवी निघताना तो न चुकता बजावायचा, "उद्यासाठी लावून ठेव." जी गिटार महिनोन्‌महिने वाजायची नसते, तिच्याच तारा सैल करून ठेवतात, नाहीतर ताणानं तिची मान वाकते. ताईची एक छोटी गिटार होती, ती तारवाल्यानं तशी ठेवली होती.

"तारा सैल करून ठेव," वाघ म्हणाला. "सगळ्या गिटारींच्या."

धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून तो पायऱ्या उतरला. तारवाल्यानं पहिली गिटार मांडीवर घेतली आणि खुंट्या उलट्या पिळायला लागला. डोळ्यांपुढचं धूसर झालं होतं, पण या कामाला डोळे लागत नव्हते.